सँ-व्हेराँला पहिल्यांदा जाताना: आल्प्समधल्या २०४० मीटरवरच्या गावाची वाटाड्या माहिती

फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, इटलीच्या सीमेला लागून केरास नावाचं डोंगराळ खोरं आहे. त्या खोऱ्यातलं सगळ्यात उंचावरचं गाव म्हणजे सँ-व्हेराँ. उंची सुमारे २०४० मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर आहे. त्याच्याही वर जवळपास चारशे मीटर गेलं की या गावाची घरं, चर्च आणि पाण्याचे हौद लागतात. वस्ती दोनशेच्या थोडी वरखाली. ‘जिथे देवाची भाकर खाल्ली जाते असं सगळ्यात उंच गाव’ अशी त्याची जुनी ओळख आहे आणि गावकरी ती आजही अभिमानाने सांगतात.

युरोपात शिकायला किंवा नोकरीला असलेली आपली मंडळी आल्प्स म्हटलं की शामोनी किंवा स्वित्झर्लंड गाठतात. केरासकडे फार कमी जण वळतात. वळावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख. एका दिवसात येऊन फोटो काढून परत जाणाऱ्यांपेक्षा चार-पाच दिवस राहणाऱ्यांना तो जास्त उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. या गावात घरांची तोंडं कुठे, शेत कुठे, रान कुठे, माणसांनी कधी बाहेर पडायचं, हे सगळं उन्हाने ठरवलेलं आहे. तुमचा बेतही उन्हाच्या हिशेबाने आखलात तर हे गाव सोपं जातं.

पहिली पायरी: निघण्यापूर्वी नकाशा नीट बघा

केरासचं पाणी गिल नदीत जातं. सँ-व्हेराँच्या खालून वाहणाऱ्या ओढ्याचं नाव एग ब्लांश, म्हणजे पांढरं पाणी. ओढ्याच्या एका बाजूचा उतार दक्षिण-नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे. गाव आणि जुनी शेतं त्या बाजूला. समोरच्या सावलीतल्या उतारावर लार्चचं दाट रान. लार्च हा सूचिपर्णी असूनही पानगळीचा वृक्ष आहे. ऑक्टोबरात तो पूर्ण उतार पिवळाधमक होतो आणि मग उघडाबोडका पडतो.

अटलांटिककडून येणारे पावसाचे ढग पश्चिमेच्या एक्रँ पर्वतरांगेवर बरेचसे रिकामे होतात. केरास तिच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत येतं. सह्याद्रीच्या पलीकडे माणदेश जसा कोरडा राहतो, त्यामागचं कारण हेच. म्हणूनच एवढ्या उंचीवरही इथे स्वच्छ ऊन भरपूर मिळतं. पण पूर्वेकडचं दार उघडं आहे. इटलीतल्या पो नदीच्या मैदानावरून ओलसर हवा वर चढते आणि सीमेवरची धार ओलांडून अलीकडे सांडते. उन्हाळ्यात दुपारनंतर कड्यावरून धुकं खाली ओघळताना दिसलं तर ते हेच. हिवाळ्यात त्याच वाऱ्याने एका रात्रीत प्रचंड बर्फ पडू शकतो. जून १९५७ मध्ये वितळणारा बर्फ आणि पूर्वेकडून आलेला जोरदार पाऊस एकाच वेळी गाठ पडले आणि गिलला आलेल्या महापुराने खोऱ्यातले रस्ते आणि पूल वाहून नेले. त्या पुराची आठवण खोऱ्यात अजून निघते.

तेव्हा हवामानाचा अंदाज बघताना नुसतं ‘फ्रान्समध्ये पाऊस आहे का’ एवढं बघू नका. वारा पूर्वेचा आहे का, ते बघा. फ्रान्सच्या हवामान खात्याचा अंदाज जिल्हावार मिळतो. आपला जिल्हा ओत-आल्प.

चालायला जाणार असाल तर फ्रेंच भूगोल संस्थेचा १:२५,००० प्रमाणातला ३६३७ ओटी क्रमांकाचा कागदी नकाशा घ्या. त्यावर सँ-व्हेराँ, एग्वीय आणि माँ व्हिसोचा परिसर येतो. दरीत मोबाइलला रेंज सगळीकडे नसते आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

दुसरी पायरी: ऋतू ठरवा

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी जुलैचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर सुचवेन. जुलैत कुरणं फुलांनी भरलेली असतात. सप्टेंबरात गर्दी ओसरते, हवा काचेसारखी स्वच्छ असते, वादळंही कमी होतात. ऑगस्टात फ्रेंच लोकांच्या सुट्ट्या असल्यामुळे मुक्काम मिळणं अवघड जातं.

हिवाळा म्हणजे डिसेंबर अखेर ते मार्च. शेजारच्या मोलीनसोबत इथे छोटं स्की-क्षेत्र आहे. मोठ्या स्की-नगरांचा झगमगाट नाही, आणि लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा बर्फावर जाणाऱ्यांसाठी ते बरंच. स्की येत नसेल तर बर्फावर चालायच्या रॅकेटी भाड्याने घ्या.

एप्रिल-मे आणि नोव्हेंबर हे मधले महिने. बर्फ धड राहत नाही आणि वाटाही धड मोकळ्या होत नाहीत. अनेक घरगुती खानावळी आणि मुक्कामाच्या जागा तेव्हा बंद असतात. हे महिने टाळा.

कपड्यांबद्दल थोडक्यात: जुलैतही पहाटे हात गारठतात. एक जाड स्वेटर, वाऱ्या-पावसाचं जॅकेट, टोपी, घोटा धरणारे बूट. उंचीमुळे ऊन कातडी जाळतं, बर्फावर तर दुपटीने; गॉगल आणि सनस्क्रीन लोशन हवंच.

तिसरी पायरी: तिथवर पोहोचणं

रेल्वेचं जवळचं स्थानक माँदोफँ-गिलेस्त्र. पॅरिसच्या ओस्टरलिट्झ स्थानकावरून ब्रियाँसोंला जाणारी रात्रीची गाडी सकाळी तिथे सोडते. या मार्गावर अधूनमधून दुरुस्तीची मोठी कामं निघतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या तारखांना गाडी धावते आहे ना, याची खात्री करा. विमानाने येणाऱ्यांना इटलीतलं तुरिन किंवा फ्रान्समधलं मार्सेय सोयीचं.

स्थानकासमोरच्या पठारावर माँदोफँचा किल्ला आहे. १६९२ मध्ये शेजारच्या सावॉय राज्याच्या ड्यूकने या भागात मुसंडी मारली, त्यानंतर लगेच १६९३ मध्ये चौदाव्या लुईचा दुर्गरचनाकार व्होबाँ याने या किल्ल्याची आखणी केली. २००८ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. गड-किल्ल्यांची आवड असलेल्या मराठी माणसाने तो चुकवू नये. जाताना नाही जमलं तर येताना तीन-चार तास राखून ठेवा.

स्थानकावरून वर जायला प्रादेशिक बस आहे, पण फेऱ्या मोजक्या आणि ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या. गाडीच्या वेळेशी बस जुळते का, ते आधी बघा. आरक्षण लागत असेल तर करून ठेवा. स्वतःची किंवा भाड्याची मोटार असेल तर गिलेस्त्रमध्ये टाकी भरा, किराणा आणि नेहमीची औषधं घ्या, थोडी रोकड काढून ठेवा. पुढे तीसेक किलोमीटरचा रस्ता गिलच्या अरुंद घळीतून, कड्याला चिकटून जातो. पाऊस पडत असेल किंवा नुकताच थांबला असेल तर दरडीवर लक्ष ठेवा. वाटेत एका सुळक्यावर उभा फोर केरास दिसेल. त्यापुढे व्हील-व्हियेयला उजवीकडे वळायचं, मोलीन ओलांडायचं, की रस्ता गावातच संपतो.

१ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात फ्रान्सच्या डोंगराळ भागात गाडीला हिवाळी टायर असणं किंवा गाडीत साखळ्या बाळगणं २०२१ पासून बंधनकारक आहे. भाड्याने गाडी घेताना ‘साखळ्या आहेत का’ हे तोंडी विचारा आणि डिकी उघडून बघा. साखळी कशी चढवायची, याचा सराव सपाटीवर, कोरड्या हातांनी करा.

उन्हाळ्यात बाहेरच्या मोटारींना गावात प्रवेश नसतो. गावाच्या तोंडाशी वाहनतळ आहे, तिथे गाडी ठेवून पायी आत जायचं. सामान जास्त असेल तर मुक्कामाच्या मालकांना आधी फोन करून विचारा.

चौथी पायरी: मुक्काम आणि जेवण

दोन पर्याय आहेत. एक म्हणजे ‘जीत’ (घरगुती मुक्कामाची जागा) किंवा छोटं हॉटेल, जिथे रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी भाड्यातच येते. दुसरा म्हणजे स्वयंपाकघरासकट भाड्याचं घर.

पहिल्या पर्यायात शाकाहारी मंडळींनी आरक्षण करतानाच स्पष्ट सांगावं: मांस नाही, मासे नाहीत, मांसाच्या पाण्यातलं सूप नाही. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर काही घरांत मासे चालतील असं धरलं जातं. आधी कळवलं की यजमान आनंदाने करतात. ऐन जेवणाच्या वेळी सांगितलं तर त्यांच्याकडे काही पर्याय नसतो, कारण किराणा दूरवरून आणलेला असतो. खाऊन बघण्यासारख्या गोष्टी: केरासचं निळ्या बुरशीचं चीज, राय नावाच्या धान्याची भाकरी, डोंगरावरचा मध, आणि ओत-आल्प जिल्ह्यात सगळीकडे मिळणारे तूर्तों, म्हणजे बटाट्याचं सारण भरून तळलेल्या चौकोनी पुऱ्या. जेनेपी नावाच्या उंचावरच्या वनस्पतीचं मद्यही इथलंच. ती वनस्पती स्वतः तोडायला मात्र जाऊ नका; तोडण्यावर निर्बंध आहेत.

घर भाड्याने घेत असाल तर छोटा कुकर बरोबर न्या. या उंचीवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं. उघड्या भांड्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाताखाली येते, राजमा-छोल्यांचं तर विचारूच नका.

गावातली चालरीत साधी आहे, पण पाळावी लागते. दुकानात शिरताना, वाटेवर कुणी समोर आलं तर, अगदी डोंगरावरच्या पायवाटेवरसुद्धा, आधी ‘बोंजूर’. त्याशिवाय विचारलेला प्रश्न उद्धट वाटतो. दुपारी बारा ते दोनच्या सुमारास दुकानं बंद असतात. रस्त्याकडेची गवताची कुरणं मोकळी दिसली तरी ती गुरांच्या हिवाळ्यातल्या चाऱ्याची आहेत. कापणी होईपर्यंत त्यांत पाय ठेवू नये.

पाचवी पायरी: पहिला दिवस गावातच

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी उंच चढाई नको. अंगाला उंचीची सवय होऊ द्या, पाणी भरपूर प्या, आणि गाव बघा. बघण्यासारखं इतकं आहे की दिवस पुरत नाही.

सुरुवात घरांपासून करा. खालचा भाग दगडाचा, वरचा लार्चच्या ओंडक्यांचा. ओंडके आडवे एकावर एक रचून, कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेले. उन्हाने ते काळेभोर झालेत. वर वैरण आणि धान्य, खाली माणसं आणि गुरं. हिवाळ्यात माणसं गुरांच्या उबेत, एकाच दालनात राहत, जळण वाचे. दर्शनी बाजूच्या लाकडी सज्ज्यांचं काम आपल्याला लगेच लक्षात येत नाही. राय या धान्याची पेरणी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात होई आणि कापणी पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेर. म्हणजे पिकाला वर्षाहून जास्त काळ लागे. तरीही थंडी आली की कणसं पुरती वाळलेली नसत. मग पेंढ्या या सज्ज्यांवर टांगायच्या आणि उरलेलं काम उन्हावर सोपवायचं. म्हणून सगळे सज्जे एकाच दिशेला तोंड करून आहेत.

गाव सलग नाही, वेगवेगळ्या वाड्यांचं मिळून झालेलं आहे आणि दोन वाड्यांमध्ये मुद्दाम मोकळी जागा सोडलेली आहे. लाकडी गावाला आगीची भीती सगळ्यात मोठी. एक वाडी पेटली तर दुसरी वाचावी. त्यामुळे प्रत्येक वाडीला आपला पाण्याचा लाकडी हौद, आपली भाकरीची भट्टी, आपला क्रूस. हौदाचं पाणी पिण्याआधी ‘पिण्यायोग्य नाही’ अशी फ्रेंच पाटी नाही ना, ते बघा.

१६४१ सालचं सूम नावाचं घर आता संग्रहालय आहे. जुनं राहणीमान समजून घ्यायला त्याच्याइतकी चांगली जागा गावात दुसरी नाही. घाईने उरकू नका.

मग भिंतींवरची रंगवलेली सूर्यघड्याळं शोधत फिरा. एकोणिसाव्या शतकात झारबुला नावाचा इटालियन चित्रकार या डोंगरातून गावोगाव फिरून ती रंगवत असे. पक्षी, फुलदाण्या, आणि आयुष्याच्या क्षणभंगुरतेवरच्या ओळी हे त्याचं वैशिष्ट्य. घड्याळ वाचताना गोंधळ होतो, तो असा सोडवा: उन्हाळ्यात सावली बारावर आली की तुमच्या मनगटावर साधारण दीड-पावणेदोन वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेबाराच्या आसपास. सूर्यघड्याळ चुकलेलं नसतं. फ्रान्सची घड्याळं सूर्याच्या पुढे लावलेली आहेत. याचा उपयोग चालताना होतो: उन्हाळ्यात खरी दुपार, म्हणजे ऊन सगळ्यात कडक आणि त्यामागोमाग ढग जमण्याची वेळ, घड्याळातल्या बारानंतर बरीच पुढे सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत लांबते.

गावात सूर्याविषयीचं एक विज्ञान-दालनही आहे, आणि वर शातो-रनार शिखराजवळ, २९०० मीटरच्या पुढे, पॅरिस वेधशाळेने उभारलेली खगोल वेधशाळा आहे. कोरडी हवा आणि काळंकुट्ट आकाश यांमुळे ही जागा निवडली गेली. अमावस्येच्या जवळपासचे दिवस निवडलेत तर वेधशाळेत न जाताही आकाशगंगा डोळ्यांनी दिसेल.

चर्चमध्ये जाल तर गावाच्या नावाची कथा कळेल. सहाव्या शतकातला काव्हायोंचा बिशप व्हेराँ याने एका ड्रॅगनला घायाळ करून पळवून लावलं. तो आल्प्सकडे उडत येताना जिथे जिथे त्याचं रक्त सांडलं, ते मेंढ्यांच्या कळपांचे मुक्काम झाले, असं मानतात. मेंढपाळांनी प्रोव्हाँसच्या सपाटीवरून उन्हाळ्यात कळप वर आणायचे, हा रिवाज फार जुना आहे. दंतकथेने त्या वाटेला संत मिळवून दिला. गावात प्रोटेस्टंटांचं प्रार्थनामंदिरही आहे. प्रोटेस्टंटांना धर्माची मोकळीक देणारं नांतचं फर्मान १६८५ मध्ये रद्द झाल्यावर या खोऱ्यातल्या अनेक प्रोटेस्टंट कुटुंबांना देश सोडावा लागला होता.

सहावी पायरी: आता वर चढा

पहिली चाल क्लोझीच्या चॅपेलपर्यंत, सुमारे २३९० मीटर. एग ब्लांशच्या काठाने रुंद कच्चा रस्ता जातो. उन्हाळ्यात तो खाजगी गाड्यांना बंद असतो आणि गावातून छोटी बस धावते. वयस्कर आई-बाबा बरोबर असतील तर त्यांना बसने पाठवा, आपण चालत जा. १६ जुलैला इथे यात्रा असते आणि सीमेपलीकडचे इटालियन भाविकही डोंगर ओलांडून येतात. त्या दिवशी गावात असाल तर जरूर जा.

वाटेत हिरव्या संगमरवराची जुनी खाण आणि तांब्याची खाण लागते. तांब्याची खाण कांस्ययुगातली आहे. साधारण चार हजार वर्षांपूर्वी माणसं या उंचीवर येऊन तांबं काढत होती. हा हिरवा दगड आणि हे तांबं इथे आले कुठून? आल्प्स उभे राहण्याआधी या जागी समुद्र होता. त्याचा तळ दोन भूखंडांच्या मध्ये चिरडला जाऊन वर आला. पायाखालचा चमचमणारा, पापुद्र्यांचा दगड म्हणजे त्या समुद्रातला गाळ आहे.

दुसरी चाल ब्लांशच्या डोंगर-निवाऱ्यापर्यंत, २५०० मीटरच्या आसपास. शेजारी तळं आणि समोर तेत दे तॉयीचा काळा सुळका. निवाऱ्यात रात्र काढायची तर आरक्षण हवं आणि झोपायची पातळ पिशवी स्वतःची न्यावी.

तिसरी, पाय तयार झाल्यावर: शामुस्येर खिंड (२८८४ मीटर) आणि तिथून कारामांत्राँ शिखर, ३००० मीटरच्या थोडं वर. माथ्यावरून ३८४१ मीटरचा माँ व्हिसो पूर्ण दिसतो. पहाटे निघा, दुपारच्या आत माथा सोडा. ढगांचे मनोरे वाढायला लागले तर शिखर अर्धा तासावर असलं तरी मागे फिरा.

सातवी पायरी: मेंढ्यांचे कळप आणि पातू कुत्रे

१९९२ मध्ये लांडगे इटलीतून फ्रान्समध्ये परतले आणि मग आल्प्सभर पसरले. त्यांच्यापासून कळप राखायला मेंढपाळ पातू नावाचे मोठे पांढरे कुत्रे ठेवतात. हे कुत्रे कळपात, पिल्लू असल्यापासून मेंढ्यांसोबत वाढतात. तुम्ही दिसलात की भुंकत अंगावर येतील. ते तुम्हाला जोखत असतात.

अशा वेळी थांबा. पळू नका, ओरडू नका, काठी उगारू नका, दगड उचलू नका. डोळ्याला डोळा भिडवू नका. शांत आवाजात बोला, त्याला वास घेऊ द्या, मग सावकाश कळपाला मोठा वळसा घालून जा. कळपामधून जायचं नाही, कोकरू कितीही गोड दिसलं तरी हात लावायचा नाही. सायकलवर असाल तर उतरून सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून चाला. स्वतःचा कुत्रा बरोबर असेल तर कळप असलेली वाट सोडून द्या.

वाटेवरच्या कुंपणांची दारं जशी मिळाली तशीच लावून पुढे जा.

आठवी पायरी: काही बिघडलं तर

आपत्कालीन क्रमांक ११२. डोंगरात असाल तर आधी ठिकाण सांगा: जवळची खिंड, उंची, वाटेचं नाव. हेलिकॉप्टर दिसल्यावर मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, इंग्रजी वाय अक्षरासारखे. हिवाळ्यात हिमस्खलनाचा धोका १ ते ५ अशा श्रेणीत रोज जाहीर होतो. ३ पासून पुढे आखलेल्या वाटा सोडून जाणं नवख्यांसाठी नाहीच. भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा आरोग्य विमा लागतोच. त्यात डोंगरातली सुटका धरलेली आहे का, ते बारीक अक्षरांत वाचा.

मोठं रुग्णालय ब्रियाँसोंला. त्याच्या नावात ‘एस्कार्तों’ हा शब्द आहे आणि त्यामागे इथला इतिहास आहे. १३४३ मध्ये दोफिने प्रांताच्या शासकाने पैशांच्या मोबदल्यात इथल्या पाच खोऱ्यांना सनद दिली: कर आपसात वाटून भरायचा, कारभार आपला आपण बघायचा. ही पाच खोरी म्हणजे पाच एस्कार्तों आणि केरास त्यातलं एक. हिवाळ्यात कोंडून पडणारी ही गावं शिकलेली होती. इथले मास्तर शरद ऋतूत खालच्या प्रदेशांतल्या बाजारांत कामासाठी उभे राहत आणि टोपीत पिसं खोवत: जितकी पिसं जास्त, तितकं जास्त शिकवतो; तीन म्हणजे लॅटिनसुद्धा. १७१३ च्या उत्रेख्तच्या तहाने यातली तीन खोरी सावॉयकडे गेली आणि धारेवरून सीमा आली.

परतीचा रस्ता

उन्हाळ्यात परत जाताना गिलेस्त्रकडे न उतरता मोलीनहून आन्येल खिंड (२७४४ मीटर) घ्या. शेंगेन व्हिसावर सीमेची अडचण नसते, पण पासपोर्ट हाताशी ठेवा. खिंड साधारण ऑक्टोबरपासून मे-जूनपर्यंत बर्फाने बंद असते. उघडल्याची पाटी मोलीनच्या अलीकडेच रस्त्यावर दिसते. पलीकडे उतरलं की इटलीतलं कियानाले लागतं. हे खोरं म्हणजे तुटून गेलेल्या एस्कार्तोंपैकीच एक. तिथेही दगडाची घरं आणि जुन्या लोकांच्या तोंडी तीच ऑक्सितान बोली आढळते. कियानालेमध्ये जेवा, आणि संध्याकाळी तुरिनला पोहोचा.